साडेत्रेचाळीस ग्रॅम

परळ,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सुमेधा,

सप्रेम जय भीम. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीआधीच कुरकुरायला लागला आहे. गंमत म्हणजे तुला भेटायला अँटॉप हिलचे तीन जिने चढताना तो दुखत नाही, घरचा ओटा पुसताना दुखतो. प्रितीआत्याला जय भीम सांग. तिच्या पंख्याचा आवाज माझ्या डोक्यात आहे, एक दिवस येऊन बघतो.

आता मुद्द्याचं. काल आईने माऊस परत आणला. सोबत तुझा निरोप, तोही तुझ्याच सुरात: "पप्पांना काय कळतं त्यातलं?"

म्हणून आधी यादी देतो. माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू, आठवतील तशा. पोटमाळ्याची घडीची शिडी, जी तू सहा वर्षं चढलीस. पोटमाळ्यावरचं तुझं टेबल, भिंतीत दुमडणारं, अठरा मिलीमीटर प्लायचं. चौदा एप्रिलला आपल्या चाळीत वाजतो तो अ‍ॅम्प्लिफायर. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळला, एकवीस वर्षांत एकदा धूर नाही. तुझ्या सुंदराबाई आजीच्या शिलाई मशिनला बसवलेली मोटर. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं बटण, ज्याच्यामुळे दुसऱ्या मजल्यावरची दोन भांडणं कायमची मिटली. लालबागचे मसालेवाले आणि गिरगावचे सोनार मिळून चारशेच्या वर वजनकाटे, जे "भंगारात टाका" असं कंपनीच्या माणसाने लिहून दिलं होतं. ते बनवलेले नाहीत, मेलेले उठवलेत, पण यादीत धरतो. यातलं मला कुणी शिकवलं नाही. दहावीनंतर शाळेला मी नको होतो. आणि यादीत शेवटी तो माऊस, जो तू परत पाठवलास.

तू तो वीस-पंचवीस मिनिटं चालवलास. खालच्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांवर ओरखडे आहेत. उजव्या बाजूला जास्त.

आईने दसऱ्यानंतर सांगितलं की तुझ्या माऊसचं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, आणि २९ तारखेला तुमची कॉम्प्युटर गेमची स्पर्धा आहे, पाच मुलींची टीम. तुला हलका पाहिजे आणि बिनवायरचा. म्हटलं, हलका ना, वजनाचं काम आहे, म्हणजे आपलं काम आहे. लॅमिंग्टन रोडला चार चकरा मारल्या. खिशात माझा छोटा काटा, शून्य पूर्णांक एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पहिल्या दुकानात काटा काढला तर काउंटरवरच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, "काका, माऊस घेताय की मेथी?"

मी म्हटलं, "मेथीवाली तरी देठासकट मोजते. तुम्ही बॅटरी वगळून मोजता."

"कंपनी मोजते हो, मी नाही."

"विकता तुम्ही ना?"

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. खोक्यावर ५९ ग्रॅम. माझ्या काट्यावर ५९.३, ते ठीक. त्यात बॅटरीचा सेल टाकला की ८२.४. तेवीस ग्रॅम गिळून बसलेत आणि वर ठळक अक्षरात 'हलका' छापलंय. दुसरा ४९ म्हणाला, ५२.६ निघाला. तिसऱ्या दुकानात सेन्सर किती बारीक बघतो याचे आकडे सांगत बसले, छत्तीस हजार म्हणे. मी विचारलं, माणसाची मनगटं किती हजारांची असतात? एकाने ब्लूटूथवर चालणारा पुढे केला. ब्लूटूथने हात आणि पडद्यावरचा बाण यांच्यात उशीर होतो, खेळाला कॉम्प्युटरमध्ये खोचायची ती नखाएवढी चिपच लागते, एवढं मलाही वाचून कळलं होतं. त्याला विकून कळलं नव्हतं. मोबाइलवरचे परीक्षण करणारे तर आणखी वैताग. वजन सांगतात, काटा दाखवत नाहीत.

मी तो ५९ वालाच घेतला, कारण त्याचं अंग भरदार होतं, तळहात नीट विसावेल असं. मोठ्या सेलच्या जागी बारीक सेल बसवला, त्याला अ‍ॅल्युमिनियमची नळी करून, नळी २.१ ग्रॅम. आतल्या नको त्या फासळ्या कोरून काढल्या. ८२.४ चा ६४.५ वर आणला. सतरा ग्रॅम नऊ. सोनाराला विचार सतरा ग्रॅम म्हणजे काय.

खरं सांगायचं तर वायरवाला घेतला असता तर सेलचं वजनच नसतं, पैसेही अर्धे. पण वायरचा नको हे तू आईला दोनदा बजावलंस. का, ते मी विचारलं नाही. जुन्या माऊसची वायर तुटल्यापासून तुझा वायरवरचा विश्वास उडाला असेल.

स्पर्धेला वीस दिवस आहेत. "काय कळतं त्यातलं" यावर मला काम करता येत नाही. काय नडलं ते लिही, जमलं तर ग्रॅममध्ये. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. आई गुरुवारी डबा घेऊन येईल, तिच्याकडे उत्तर दे.

तुझे वडील,
प्रफुल्ल रामजी


परळ,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सुमे,

सप्रेम जय भीम.

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळी. "वजनावर दोन पानं, वायरवर एक वाक्य, तेही खोटं. शनिवारी तीन ते सहा हिंदमातेला प्रॅक्टिस असते, बघायचं तर या. माझ्याशी बोलायचं नाही." आईने ती माझ्याआधी वाचली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. म्हणजे गुरुवारी मला दोन्ही घरांतून बंदी होती.

वायरचं लिहितो. आधी शनिवारचं लिहू दे.

साड्यांच्या दुकानांवर पहिल्या मजल्यावर असं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. खाली बायका पदर उलगडून बघतायत, वर अंधारात तीस कॉम्प्युटर. मालक वैभवने विचारलं, "काका, कुणाला न्यायला आलात?" मी म्हटलं, "न्यायला नाही. तीन तासांचे किती?" त्याने पैसे घेतले आणि तुझ्या मागच्या, तिरक्या खुर्चीवर बसवलं. तू एकदा मान वळवलीस. मी अटीप्रमाणे गप्प. तुझ्या शेजारच्या मुलीने मात्र विचारलं, "काका पण खेळणार?" मी म्हटलं, "नाही, बघणार." तुझ्याशी बोलायचं नव्हतं, तिच्याशी नाही असं ठरलं नव्हतं.

तिचं नाव ओवी हे मला तिथे कळलं. पलीकडची दर्शना. तू चार वर्षं या मुलींबरोबर खेळते आहेस आणि मला नावं आत्ता कळतायत.

"सुमे, मागे बघ, मागे."

"बघतेय गं. माझ्या मानेला काय मोटर लावलीय?"

"चहा कोण सांगतंय?"

"आधी मरेल ती."

मग दर्शना मेली आणि तिने चहा सांगितला. मी हसलो ते कुणाला दिसलं नसावं.

मी पडद्याकडे फार बघितलं नाही, तुझ्या हाताकडे बघितलं. पहिल्या दहा मिनिटांतच माझी चूक मला दिसली. तुझा तळहात माऊसला लागतच नाही. अंगठा, करंगळी आणि मधली बोटं, फक्त टोकं. तू माऊस सरकवतेस त्यापेक्षा उचलतेस जास्त. हवेत उचलून मागे आणून ठेवतेस. घड्याळ लावून मोजलं, एका मिनिटात चौतीस वेळा. आणि मी तुला भरदार पाठीचा माऊस दिला होता, कारण दुकानात मी माझा तळहात ठेवून बघितला होता. काट्यावर काय मोजणार ते विचारल्याशिवाय मी कधी काट्याचा स्क्रू उघडत नाही. सव्वीस वर्षांची सवय. तुझ्या बाबतीत विचारलं नाही. तुला खेळताना त्याआधी मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा मी बघायला आलो नव्हतो.

पाच वाजून गेल्यावर ओवीच्या पडद्यावरचा बाण अडकला. दोन सेकंद असेल. ती ओरडली, "अडकला, अडकला," तुम्ही चौघी एकदम तिच्याकडे वळलात, आणि फेरी गेली. दर्शना कपाळाला हात लावून बसली. तू ओवीच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, "सोड, पुढची." दोन सेकंदांत पाच जणींची चाळीस मिनिटं गेली. हे मी स्वतः पाहिलं.

गेल्या वर्षी १० मार्चला मी तुझा बाण नुसता दोन सेकंदांसाठी अडकवला नव्हता.

आबांचा पहिला स्मृतिदिन होता. खाली सतरंजीवर माणसं बसलेली, वंदना संपलेली, जेवणं व्हायची होती. तुला तीन हाका मारल्या, तू वरून "पाच मिनिटं" म्हणालीस. माझे चुलते म्हणाले, "रामजीची नात माळ्यावर बसून गोळ्या झाडतेय वाटतं." सगळे हसले. तेवढं पुरलं मला. आजवर मी आईला सांगत आलो की झटापटीत वायर तुटली. प्रितीला तेच सांगितलं. तुला मागच्या पत्रात तेच लिहिलं. वायर तुटली नव्हती आणि झटापट झाली नव्हती. मी शिडी चढलो, खिशातून कटर काढला, वायर दोन बोटांत धरली आणि कापली. तू कानाला हेडफोन लावून बसली होतीस, तुला कळलंसुद्धा नाही. बाण थांबल्यावर तू मला पाहिलंस.

अजून एक गोष्ट आहे, ती तुलाही माहीत नसेल. मधे कापली असती तर पाच मिनिटांत जोडून दिली असती, मी तर डोळे मिटूनही जोडतो. मी ती माऊसच्या अगदी तोंडाशी कापली. रागात माणूस जागा बघत नाही म्हणतात. मी बघितली. कुठे कापलं की दुरुस्त होत नाही, हे ज्याला दुरुस्ती येते त्यालाच नेमकं माहीत असतं, आणि मी तिथे कापलं.

त्या दिवशी तुमची निवडीची फेरी होती हे मला माहीत होतं. आईने सकाळीच सांगितलं होतं. चौघी तुझी वाट बघत हरल्या, तू रात्री बॅग भरून प्रितीकडे गेलीस, आणि मी शिडी दुमडून ठेवली. अजून उघडलेली नाही.

हे लिहायला मला एक वर्ष आठ महिने लागले आणि तुझ्या तीन ओळी. माफ कर असं लिहून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. ओवी आणि दर्शनाला, आणि बाकीच्या दोघींची नावं कळली की त्यांनाही, मला समोर उभं राहून सांगायचं आहे. तू कधी ते ठरव. स्पर्धेच्या आधी नको, तुमचं लक्ष जाईल.

या पत्राबरोबर दुसरा माऊस आहे. रविवारी सकाळी लक्ष्मीबाईंकडून सगळ्यात छोटा घेतला. या वेळी मी काटा काढला तेव्हा त्यांनीच पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आणा काका, मीच ठेवते." ५५.२ निघाला, सेलसकट. आतली बॅटरी लहान टाकली, ४.८ गेले. ती सहा तास चालते, तुमच्या दिवसाला पुरेल, रात्री चार्ज करायला विसरू नकोस. मग मागचा उंचवटा हॅक्सॉ ब्लेडने सबंध कापला, कारण तुझा हात तिथे जातच नाही, आणि कड पॉलिश पेपरने बोटाला लागणार नाही अशी केली. ६.९ गेले. आता भरला ४३.५. दिसायला तो अर्धवट सोडलेल्या कामासारखा दिसतो, माझ्या हातात तर धरवतही नाही. अंगठ्याच्या जागी कापडी पट्टी लावली आहे, तुझ्या बोटाला घाम येतो हे पाहिलं. सिग्नलची चिप कॉम्प्युटरच्या मागे लावू नकोस, छोट्या वायरने पुढे माऊसजवळ आण.

नडला तर परत पाठव. या वेळी ग्रॅममध्ये लिहायची गरज नाही. "डावीकडे जड" एवढं लिहिलंस तरी मला कळेल. आणि त्या दिवशी दुकानातला नवा कोरा वापरावासा वाटला तर तो वापर. खेळ तुझा आहे.

काल, सोमवारी, तो चालवून बघायला मी पुन्हा हिंदमातेला गेलो होतो, कारण घरी तुझा कॉम्प्युटर नाही. वैभवने हातात घेतला, दोन फेऱ्या खेळला, आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "काका, कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शनिवारी एका मुलीचा हात बघितला." तो म्हणाला, "मग हेच माप, अगदी हेच, असे वीस करून द्या. साडेचार हजार एकाचे. अर्धे पैसे आत्ता मोजतो." हे माप विकायचं नाही, असं सांगून मी माऊस रुमालात गुंडाळला. जिन्यापर्यंत येऊन त्याने पुन्हा विचारलं. वीस नग, साडेचार हजाराने, नव्वद हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तुझा
पप्पा