संताचे कोरे ओठ

प्रिय एर्सिलिया,

तुझ्या परांचीवरून सदेह उतरलो, हे प्रथम निवेदन. शिडीच्या अकराव्या पायरीवर या महामहोपाध्याय कादंबरीकाराचे गुडघे लटपटले, तेव्हा तू वरून ओरडलीस, "दादा, खाली बघू नकोस, आणि भाषण बंद कर!" दोन्ही आज्ञा मी मोडल्या.

समीक्षक माझ्या ग्रंथांस 'चित्रमय' म्हणतात. आपल्या देशात हे दूषण नव्हे. इथला लेखक भित्तिचित्राखाली बाप्तिस्मा घेतो आणि पुढे जन्मभर वाक्यांत रंग कालवत बसतो. आपल्या रंगारी बाबांवरच्या, अजून छापायच्या कादंबरीत मीही त्यांचा मृत्यू सहा पानांत चितारला होता: खिडकीतून तिरपा प्रकाश, सोनेरी उशी, पायथ्याशी शोकमग्न पुत्र. रचना निर्दोष होती.

मग तू डागडुजी करत असलेल्या जुन्या भित्तिचित्रातल्या, रंग झडलेल्या संतासमोर मला उभे केलेस. खालून त्याचा गाल अखंड वाटला होता; वीतभर अंतरावरून पाहिले तर तिथे गालच नव्हता. केसासारख्या बारीक उभ्या रेघा, शेकडो. "चार महिने लागले," तू म्हणालीस. सरळ रंगवून का टाकला नाहीस, असे मी विचारताच फणकारलीस, "मग ते खोटं झालं असतं. उरलेल्या रंगावरून कळतं तेवढंच भरायचं, तेही जवळ येणाऱ्याला दिसेल असं. ओठ कसे होते ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती जागा कोरी."

एर्सिलिया, मी अवाक झालो. ही घटना नोंदवून ठेव. सातशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी हाताशी एवढे इमान! त्या कोऱ्या ओठांपुढे टोपी काढणार होतो; पण ती शिडी चढतानाच खाली पडली होती.

घरी येऊन ती सहा पाने फाडली. शोकमग्न पुत्र तिथे नव्हताच. बाबांच्या शेवटच्या दिवशी तू दोनदा फोन केलास, तेव्हा तो दूर तोरिनो शहरात पुरस्कार स्वीकारून पितृप्रेमावर चाळीस मिनिटे बोलत होता. नऊ वर्षांत तू मला बोल लावला नाहीस आणि मीही काही विचारले नाही. विचारले असते तर तू सांगितले असतेस, याचेच भय होते.

आता त्या जागी एक कोरे पान आहे. त्या दिवशी बाबांचे ओठ हलले का, त्यांनी माझे नाव घेतले की शिवी घातली, हे फक्त तुला ठाऊक. तू सांगशील तेवढ्याच रेघा ओढीन. नाही सांगितलेस, तर पान कोरेच छापले जाईल. रविवारी येतो. शिडी धरून ठेव.

तुझाच, अद्याप लटपटणारा,
ओरेस्ते