टार्गेट नंबर दोन

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची जागा! ताईला लगेच फोन करून सांगितलं. काम आवडीचं, कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या आज्ञांत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, शेवटचं टोक. प्रोग्राम एकच, पण प्रत्येक प्रोसेसरच्या आज्ञा वेगळ्या, खोडी वेगळ्या. ज्याला जे मानवतं ते त्याच्या पानात वाढायचं. त्यासाठी प्रत्येक टार्गेटची, म्हणजे ज्यावर प्रोग्राम चालवायचा त्या प्रोसेसरची, एक फाइल असते: आकडे ठेवायला रजिस्टरं किती, कुठली आज्ञा किती वेळ खाते. आमचं टार्गेट सध्या एकच, शेजारच्या लॅबमध्ये.

६ जून
लॅब सांभाळणाऱ्या काकांनी आज झाकण उघडून दाखवलं. आत चिप नाही. तळहाताएवढा ओला गोळा, हिरडीसारखा गुलाबी. तारा रुतल्यात तिथे पू. नासलेल्या दुधाचा वास. काका कापसाने पुसत म्हणाले, हे बनवत नाहीत, वाढवतात. तुम्ही आपलं वेगाचं बघा. मी बेसिनवर जाऊन ओकलो.

११ जून
सहावं रजिस्टर वापरलं की गोळा मंदावतो. तिथे सूज आहे, गळवासारखी. फाइल बदलली, आता कोड सहावं टाळून निघतो. वेग दुप्पट. साहेबांनी पाठ थोपटली. तार नीट बसवताना गोळा पाझरला, माझ्या दोन्ही हातांवर. कोमट.

१३ जून
किती साबण लावला, वास जात नाही. ताईकडे जेवायला गेलो. भावोजी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. ताई म्हणाली, अरे, हात कशात घालून आलास? बोटांची कातडी पांढरी, बुळबुळीत. डाव्या करंगळीचं नख ताटात निघून पडलं. दुखलंसुद्धा नाही.

१७ जून
यादीत नवी फाइल. मी लिहिलेली नाही. टार्गेट नंबर दोन. रजिस्टरं दहा. पुढे शेरा: पहिलं टाळावं, नख नाही.
काकांना विचारलं. म्हणाले, तुम्ही त्याला सांभाळून घेतलंत ना, आता तो तुम्हाला घेईल. त्यांच्या हातमोज्यांतून काहीतरी गळत होतं.

१८ जून
प्रोग्राम चालला. मशीनवर नाही. उजवी बोटं, आपली आपण, टेबलावर — टक, टक — पिवळे डाग उठवत. ताईला फोन लावला. बोटांनी तो बंद केला.

१९ जून
डाव्या हाताने लिहितोय. उजवा मांडीखाली दाबलाय, पँट भिजलीय, शी —
फाइल पुसली. दोनदा. परत येते. आत नवी ओळ — डोळे दोन, जीभ एक —
तोंडात पाझरतंय. मी गिळत नाहीये. मी नाही, पण घसा —