श्रावणातील इंजेक्शनाचे पाप

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
कर्करोग औषध-चाचणी केंद्र,
मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : रुग्ण सौ. सुगंधा परुळेकर यांचे श्रावणातील पाप अर्जदाराच्या नावे करून मिळणेबाबत.
संदर्भ : 'इंजेक्शन चुकविल्यास चाचणीतून नाव कमी होईल' हे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार जयवंत धाकू परुळेकर, राहणार काजूपाडा, बोरीवली (पूर्व), सविनय कळवितो की, त्याची पत्नी सुगंधा आपल्याकडील नव्या औषधाच्या चाचणीत आहे. हे औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्यांत भरून शिरेतून सोडतात व ते इतरत्र फार न रेंगाळता गाठीपाशी पोचते. आषाढातील इंजेक्शनांनी गाठ पुष्कळ लहान झाली, हे अर्जदार कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

२. घोटाळा डॉ. क्षमा तळवलकर यांच्या उत्साहामुळे झाला. गोळ्यांचे कवच कशाचे, असे सुगंधाने सहज विचारले असता, ते अंड्याच्या बलकातील चरबीचे असते, हे मॅडमनी आकृती काढून समजावले. अर्जदाराने मागून खुणा करूनही त्या थांबल्या नाहीत. एरवी सुगंधाचा बांगड्याच्या कालवणावर फार जीव. परंतु श्रावणात तिच्या घरात अंडे शिरत नाही, मग अंगात कसे शिरेल? "तोंडातून गेला काय नि शिरेतून गेला काय, अंडा तो अंडाच," असे म्हणून तिने गुरुवारच्या इंजेक्शनास साफ नकार दिला आहे.

३. जिभेला न लागलेले खाल्ले असे होत नाही, असा निर्वाळा मार्तंडभटजींनी दिला. तो 'भटजींना तुम्हीच पढवलंत' म्हणून फेटाळण्यात आला. अर्जदाराने कॅलेंडरचे पान उलटून घरात भाद्रपद आणून पाहिला. नारळी पौर्णिमेआधी गणपती कसे आले, असे विचारून तिने पान पूर्ववत केले.

४. अखेर काल ती एका अटीवर राजी झाली. पाप नवऱ्याने घ्यावे, आणि तेही लेखी. नवऱ्याच्या सहीवर तिचा भरवसा नाही. आपल्या गोल शिक्क्यावर आहे. सबब सोबतच्या हमीपत्रावर बुधवारपूर्वी शिक्का व्हावा. पाप किती, हे अर्जदार विचारणार नाही. निघेल तेवढे मान्य आहे.

५. असा शिक्का मारण्याचा नियम आपल्याकडे नसेल, याची जाणीव आहे. परंतु अर्जदारास बायको हवी आहे. ती नसलेल्या घरात एकट्याने पुण्य सांभाळीत बसणे त्यास जमणार नाही.

आपला नम्र व पापास राजी,
(सही)
जयवंत धाकू परुळेकर
दि. १५ ऑगस्ट १९८८

सोबत : हमीपत्र, शिक्क्यापुरती जागा सोडून.