काचेचा कौल

रवि. ५ जानेवारी
पतसंस्थेने यंदा सभासदांना जी रोजनिशी वाटली तिच्यात रविवारला अर्धं पान आहे. बाकी सहा दिवसांना एकेक पूर्ण. रविवार बिचारा शनिवारच्या पायाशी. हा अन्याय कोणत्या संचालकाच्या डोक्यातून निघाला त्याचा छडा लावला पाहिजे. सोम ते शनि माझ्या आयुष्यात घडतं काय? ऊसदराची बैठक, कुणाचा तरी सत्कार, सत्कारात आयोजकांचाच सत्कार. बातम्या मी पाठवतो, वाचतं कोण देव जाणे. जे खरं घडतं ते रविवारी, बेळगावच्या उद्यमबागेत, अण्णाच्या शेडमध्ये. निषेध म्हणून सोमवारच्या पानात घुसलो आहे. सीमाभागातल्या माणसाला हद्दीचं एवढं काय.

संपादकांना पुरवणीसाठी इथल्या चासीवाल्यांचा इतिहास हवा आहे. अण्णाला सांगितलं. अण्णा म्हणजे जिनगोंडा, निपाणीत आमच्याच गल्लीतला, माझ्याहून थोडा थोरला. पोटाला हायड्रॉलिकचे सुटे भाग, नावलौकिकाला चासी. खेळातल्या रेसच्या गाड्यांचे पितळी सांगाडे, हाताने डाग देऊन जोडलेले. पार जर्मनी-जपानपर्यंत गिऱ्हाईक.

"इतिहास? मी मेलोय व्हय रं शास्त्री?"
"अजून नाही. म्हणूनच विचारून घेतो."
"मग लिव. पर एक वाक्य माझं घालायचं. अण्णाची चासी आजवर परत आली न्हाय. एक बी न्हाय."
लिहून घेतलं.

मंगळ. ७
लेखाचा पहिला परिच्छेद, ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: लाकडी ट्रॅक, त्यात खाच. खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांत वीज. गाडीच्या नाकाखाली एक जीभ असते, ती खाचेत उतरते. खेळणाऱ्याच्या हातात बंदुकीसारखा घोडा. दाबला की गाडी पळते, वळणावर फार दाबला की ट्रॅकबाहेर. वरचं रंगीत कवच शोभेचं. गाडी म्हणजे खालची चासी. ती सपाट असेल तर चारी चाकं जमीन धरतात. केसभर पीळ असला तरी वळणावर उडते.

चासीला मराठी शब्द म्हणून 'अधिष्ठान' सुचवला. संपा. म्हणाले, "लोक देऊळ समजतील." चासीच राहिली. एवढं संस्कृत शिकून शेवटी हे.

गुरु. ९
निपाणीला जाऊन आलो. सुरुवात तिथली. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने मुंबईहून गाड्यांचा संच आणला आणि वखारीच्या माळ्यावर ट्रॅक मांडला. प्लॅस्टिकच्या चासी पटापट मोडायच्या. अण्णा तेव्हा डिप्लोमाला. त्याने पितळी पत्रा कापला, सायकलच्या आऱ्या लावल्या, डाग दिला. ती गाडी मोडेना आणि सगळ्यांच्या पुढे. मग बेळगावात खडेबाजारातल्या एका घड्याळजीने गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगपासून चासी केली. ती फार हलकी, फार तापट. आता ते नाहीत. त्यांच्या सुनेने एक दाखवली, साबणाच्या वडीएवढी. "मामंजी जेवतानासुद्धा हिला शेजारी ठेवायचे," म्हणाली.

तिसरा मारुती, सांबऱ्याचा. अण्णाच्या हाताखाली शिकला, मग वेगळा झाला. संगणकावर रेघ काढतो, यंत्र कापतं. अण्णा त्याला झेरॉक्सवाला म्हणतो. दोघं बोलत नाहीत.

वखारीत आता खताची पोती. माळा आहे. चढू दिलं नाही.

रवि. १२
आज अण्णाची परीक्षा पाहिली. म्हणजे तो घेतो ती. टेबलाची जुनी जाड काच आहे, तिच्यावर तयार चासी ठेवतो, नखाने चारी कोपऱ्यांवर एकेक टिचकी. पीळ असला तर एखादा कोपरा काचेपासून किंचित उचललेला असतो; टिचकीसरशी तो काचेवर आपटतो आणि टिक असा बारीक आवाज येतो. सपाट असेल तर काही नाही.

"डोळ्याला दिसत न्हाय ते. कानानंच कळतंय," अण्णा. "बोलली की बाद. गप्प बसली की पास."
"संसारात उलटं आहे."
"तुझी बायको काय बोलत न्हाय व्हय?"
"ती काचेवर बसत नाही."

एक पास केली. मला टिक ऐकू आली होती. म्हटलं, पाल चुकचुकली असेल. वर पाहिलं, पाल नव्हती.

तीच चासी त्याने लेखाच्या फोटोसाठी दिली. सूर्यास्ताआधी त्याचं जेवण व्हायला लागतं, म्हणून शेड बंद करून गेला.

सोम. १३
जेवणाच्या टेबलावर काच आहे. चासी ठेवली. मागचा उजवा कोपरा. टिक. पुन्हा टिक. सौ. म्हणाली, "आता हा काय नवा छंद?"

मंगळ. १४, संक्रांत
सुनंदावहिनी तिळगूळ घेऊन आल्या. अण्णाच्या पत्नी, परदेशी पार्सलं त्याच बांधतात. सौ. आत चहाला गेली. टेबलावरची चासी त्यांनी पाहिली, टिचकी मारली, ऐकलं, खाली बसल्या.
"कळलं व्हय भावजी?"
"कान?"
"बारीक आवाज कायबी ऐकू येत न्हाय आता. गेल्या दिवाळीपास्नं."

सगळं सांगितलं. दुपारी त्या शेडमध्ये डबा नेतात. अण्णा हात धुवायला गेला की पास झालेल्या चासी काचेवर वाजवून बघतात. बोलणाऱ्या असतील त्या रिकाम्या डब्याच्या खालच्या कप्प्यात. दुरुस्त होऊन येतात त्या परत पार्सलात.
"दुरुस्त कोण करतं?"
"मारुती. आणि कोन?"

चहा आला, विषय मोडला. जाताना दारात म्हणाल्या, "एकदा म्हटलं, चला, कान दाखवून येऊया. तर चार दिवस शेडला गेले न्हाईत. भितीकडं तोंड करून पडले. जेवायला बी उठवावं लागलं."

गुरु. १६
सांबऱ्याला मारुतीकडे. विमानतळ जवळ, विमान गेलं की वाक्य अर्धवट सोडून थांबायचं, मग तिथून पुढे. मारुतीचं यंत्र काचेच्या पेटीत, मारुती बाहेर खुर्चीवर. त्याच्या टेबलावर अण्णाच्या चासी ओळीने.

"पीळ काढतो बगा हळूच. कधी डाग उकलून परत द्यावा लागतोय. त्यांच्यावानीच पडाय पायजे डाग, न्हायतर वळखतील."
"राग नाही तुला?"
"राग हाय की. चारचौघांत झेरॉक्स म्हनत्यात मला." हसला. "आता खरंच झेरॉक्स काढालोय."

"मग सांगून टाक ना त्यांना."
"मी? सर, मी सांगटलं तर म्हनतील धंदा खायाय आलाय. तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात."

विमान आलं. बरं झालं.

रवि. १९
सांगायचं ठरवून गेलो. डाग देत होता. मी खिडकीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, ही चासी आहे की भाकरी थापायची काठवट?" एरवी चप्पल आली असती. काही आलं नाही. वळून समोर उभा राहिलो, तेच पुन्हा म्हटलं. चप्पल आली.

म्हणजे तो तोंडं बघतो. ओठ, भुवया. माझ्या विनोदांना कधी हसायचं हे तो माझ्याच चेहऱ्यावरून ठरवतो. (इतके दिवस मला वाटत होतं विनोद चांगले आहेत.)

सांगितलं नाही. दोनदा घसा साफ केला. "सर्दी झालीय व्हय तुला?" म्हणाला. सुंठीचा चहा मागवला.

बुध. २२
लेख होत आला. अण्णाच्या वाक्यापाशी अडलो. 'एकही चासी परत आली नाही.' वाक्य खरं आहे. परदेशातून खरंच एकही आली नाही. न्यायशास्त्र शिकवणारे आमचे गुरुजी असते तर म्हणाले असते, वाक्य निर्दोष, वक्ता प्रामाणिक, पुढे चला. पण ते खरं राहावं म्हणून एक बाई रोज डबा नेते आणि ज्याला तो शिव्या देतो तो माणूस त्याच्यासारखा डाग द्यायला शिकतो. हे लिहिलं तर अण्णा वाचेल. नाही लिहिलं तर तो चासीवाल्यांचा इतिहास कसला, सत्काराची बातमी.

संपा.ना म्हटलं, आठवडा द्या. "सर, एवढ्याशा गाड्यांना?" म्हणाले.

शुक्र. २४
वहिनी आल्या. लेकीचं बाळंतपण, उद्या पुण्याला निघणार, दोन-तीन महिने तिकडेच. पार्सलं अण्णा स्वतः बांधणार म्हणतो.
"भावजी, तुमचे कान चांगले हाईत."
"माझे? सौ.ला विचारा."
हसल्या नाहीत. "नुसतं वाजवून बगायचं. बोलली तर मारुतीला द्यायची. मी येईपर्यंत तेवढं बगा."
"आणि आल्यावर?"
"आल्यावर बगू."
हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

सौ.ला रात्री सांगितलं. म्हणाली, "तुम्ही तिघं मिळून त्याला सांभाळताय की फसवताय?" दोन्हींत फरक काय असतो ते सांगायला लागलो, तर कूस बदलून झोपली. पंडितांचा असा सन्मान आमच्याच घरी होतो.

रवि. २६
औद्योगिक वसाहतीत झेंडावंदन, जिलेबी. मग शेड. अण्णा खुशीत, जपानच्या एका क्लबची मोठी ऑर्डर. त्यांच्या शर्यतीला सगळ्या गाड्या अण्णाच्याच चासीवर.
"घाल हे बी इतिहासात."
"घालतो."
"झेरॉक्सवाल्याला बी सांग. त्याला कोन इचारतंय का बग."
जपानचं तेवढं लिहून घेतलं.

नवी चासी काचेवर ठेवली. कोपऱ्यांवर टिचक्या मारल्या, प्रत्येक टिचकीला मान थोडी कलती करून. आणि मग, आजवर कधी केलं नाही ते केलं. काच सरकवून माझ्यापुढे ढकलली.
"तू वाजव."
वाजवली. पुढचा डावा कोपरा. टिक. इतकी स्पष्ट की बाहेरच्या रखवालदारालाही ऐकू गेली असती.

अण्णा काचेकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता.
"काय म्हनती?"
"काही नाही. गप्प आहे."
"गप्प हाय?"
"हो."

मग म्हणाला, "बरं," आणि चासी पास झालेल्यांत ठेवली. पुढची मला दिली नाही. स्वतःच वाजवली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोललो. निघताना ती चासी मारुतीसाठी गुपचूप पिशवीत टाकायचं ठरवलं होतं, पण तो तिच्याजवळून हलला नाही. ती तिथेच आहे. उद्या पार्सलात जाईल.

लेखाची काळजी नाही. दोन ओळी इकडे-तिकडे करून तो उरकता येईल. जपानहून चासी परत येईल, याचीही तितकी नाही. त्याने आज मला विचारलं. बायकोला नाही, डॉक्टरला नाही, मला. त्याला संशय असल्याशिवाय त्याने विचारलं नसतं, आणि तोंडं वाचणाऱ्या माणसाला माझं खोटं दिसलं नसेल असं मला वाटत नाही. यापुढे तो पुन्हा कुणाला विचारणार नाही, अशी मला भीती वाटते.