पाचव्या खिळ्यावरचं बटण

१२ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या खाणीचं तोंड येत्या अठ्ठावीस फेब्रुवारीला काँक्रीट ओतून बंद करणार, हे बाबांकडून कळलं. एकतीस वर्षं तू त्या तोंडाशी, खाली जाणाऱ्यांना दिवे देत दिव्यांच्या खोलीत बसलीस आणि बायकांना खाली मनाई म्हणून एकदाही उतरली नाहीस. लहानपणी मी तुझ्या टेबलाखाली खेळायचे, तेव्हा एकदा तरी आत काय आहे ते बघायचंय असं तू म्हणायचीस. मी विसरलेले नाही.

म्हणून मी तुझ्यासाठी खाण बांधली आहे, कागदावर. आमचा दर रविवारचा खेळ तुला ठाऊक आहेच. मी गोष्ट सांगते, बाकीचे एकेक सोंग घेऊन आपण काय करणार ते सांगतात, अडलं की फासा टाकतात, मोठा आकडा पडला तर जमतं, लहान पडला तर फसतं. दातांची डॉक्टर जादूगारीण आहे, बसकंडक्टर तलवारबहाद्दर आणि आमचा शिंपी नकाशे काढणारा. शंभर वर्षांपूर्वी हरवलेली चांदीची खाण त्यांना सापडली आहे. तू पत्रातून खेळ. वीस बाजूंचा फासा सोबत पाठवते आहे.

प्रेम आहेच, ते उत्तरातून दिसू दे.

तुझी ठकू

१८ जानेवारी

चि. ठकू हिस अनेक आशीर्वाद.

फासा पोचला. गोटीएवढ्या वस्तूवर वीस आकडे कोरणाऱ्याचे डोळे शाबूत राहोत. आत जायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण तुझा नकाशा बघून कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या खाणीला एकच तोंड! छत कोसळलं तर तुझी ती डॉक्टर काय दात मोजत बसणार? आधी दुसरी वाट काढ.

आणि आत किती गेले, बाहेर किती आले, हे कोण बघतंय? आमच्याकडे खाली उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आला की काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. तशी फळी कर. माझी चाल लिहून घे: मी तोंडाशी फळीजवळ बसते.

वडिलांना सांग, गुडघा दुखतो म्हणून फिरायचं टाळू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझी आत्या

३० जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमानुसार धबधब्यामागे दुसरी वाट काढली. खरीखुरी फळी केली, चार खिळे ठोकले, तिघांच्या बिल्ल्यांना तीन आणि कंदिलाला एक. बिल्ले म्हणून शिंप्याने आपल्या डब्यातली बटणं दिली, देताना अवाक्षर न बोलता. तो बोलतच नाही, त्यामुळे तो आलाय हेसुद्धा कधीकधी लक्षात येत नाही.

पण आत्या, दोन रविवार झाले, तू आपली बसूनच! तुझा दगड झाला का, असं कंडक्टर विचारत होता. राक्षस मी पाळलेत, अंधार मी केलाय, सगळं तुझ्यासाठी. महिन्याभरात खरी खाण बंद होईल. आता तरी उतर.

रागावले आहे, तरी लोभ कमी झालेला नाही.

तुझी ठकू

५ फेब्रुवारी

चि. ठकू हिस अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते बरं केलंस, अक्षर तरी मोठं आलं. आता ऐक. एका संध्याकाळी पाळी सुटली आणि एक बिल्ला लटकत राहिला. सगळे म्हणाले, काढायचा विसरला असेल, गेला असेल घरी. मुकादम तर खोलीला कुलूप लावायलाच निघाला. मी किल्ली दिली नाही. शेवटी चौघे चरफडत खाली गेले, तेव्हा तो माणूस मोडका पाय धरून बसलेला सापडला. हाका मारून त्याचा आवाज बसला होता.

तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही. खाणीची भीती मला कधीच वाटली नाही. मी उतरले आणि फळीकडे कोणी बघितलंच नाही तर, ही भीती वाटते. हसायचं तर हास. खेळातसुद्धा ती जागा माझ्याने सोडवत नाही.

तुझ्या मित्रांना माझा नमस्कार सांग, त्या न बोलणाऱ्यालाही.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रविवारी माझ्यावर खाली मान घालायची वेळ आली. चांदी सापडली, मागे राक्षस लागला, सगळे धबधब्याच्या वाटेने धावत सुटले. बाहेर येऊन डॉक्टर आणि कंडक्टर टाळ्या पिटत होते, मी वही मिटत होते. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं आणि फळीकडे बघितलं. एक बटण लटकत होतं, शिंप्याचं. राक्षस आल्यापासून तू काय करतोस, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही! तो समोरच बसला होता, चहा गार झालेला. कोणी मोजतंय का ते बघत होतो, असं नंतर म्हणाला.

चांदी तिथेच टाकून दोघे परत आत गेले आणि त्याला घेऊन आले. मग तो एवढं बोलला, जेवढं वर्षभरात बोलला नव्हता. यापुढे फळीपाशी आपण बसणार, आत्यांना खाली पाठवा, आपल्याकडून एकही माणूस सुटणार नाही, असं त्याने सांगितलं. पाचवा खिळाही त्यानेच ठोकला. जुन्या कोटाचं पितळी बटण त्याने तुझ्यासाठी दिलंय, ते सोबत आहे.

वाट बघते आहे.

तुझी ठकू

२७ फेब्रुवारी

चि. ठकू हिस अनेक आशीर्वाद.

उद्या काँक्रीटची गाडी येणार. मी बघायला जाणार नाही, मला काम आहे.

एकतीस वर्षं सगळ्यांचे बिल्ले सांभाळले, माझा असा एकही नव्हता. बटण दोन दिवस उशाशी ठेवलं, आता परत पाठवते आहे. पाचव्या खिळ्याला अडकवा. शिंपीबुवांना सांग, मी वर येईपर्यंत जागा सोडायची नाही आणि कोणी काही म्हटलं तरी किल्ली द्यायची नाही. त्यांच्या मोजण्यावर माझा विश्वास आहे.

फासा टाकला. तीन पडले. पडू देत.

दिवा तपासला, पदर खोचला आणि उतरले. पहिल्या वळणावर काय दिसतं ते सविस्तर लिही, काही गाळू नकोस.

तुझी आत्या
मुक्काम खाण