कॉम्प्युटरची वायर माझ्याकडे आहे

मीनल,

कॉम्प्युटर सुरू होणार नाही. बिघडलेला नाही, त्याची वायर काढून मी पिशवीत घेतली आहे. अंबरनाथला शिवमंदिरात जाते आहे, पाचपर्यंत येईन. आमटी केली आहे, भात तेवढा लाव.

तेवीस वर्षांपूर्वी ह्यांनी तो उल्हासनगरहून रिक्षाने आणला, तेव्हा मॉनिटर माझ्या मांडीवर होता. हे गेले, तो बंद पडला, तरी दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू वाहिलं. तू त्यात ती फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम घातलीस आणि तो चालू झाला, हे मी कुठे नाकारते? पण कुंकू पुसताना मला विचारलं नाहीस.

आणि काल शेजारच्या प्राचीच्या आईने तुला विचारलं, "काकू, हा कुणाचा?" तर म्हणालीस, "माझाच. भंगारातून उठवला." मी आत चहा गाळत होते. भंगारातून?

सोसायटीतल्या बायका हल्ली कॉम्प्युटर बघायला येतात आणि तुझ्याच खुर्चीमागे उभ्या असतात. मला फक्त चहा मागतात.

आज संध्याकाळी त्या आल्या की वायर मी लावणार, बटणही मीच दाबणार. पुढे काय करायचं ते तू मला हळूच कानात सांग.

तुझी मोठी जाऊ,
सुलभा