घरभर एलईडी

४ नोव्हेंबर, सकाळी
ठरलं. घरातले पिवळे बल्ब सगळे काढायचे, एलईडी लावायचे. ही बहिणीकडे आठ दिवसांसाठी गेली, त्याला तीन महिने होतील. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली की तुमच्या घरात जन्म अंधारात गेला. खरं आहे, ती शिवायला बसली की मी दिवा घालवायचो, खिडकीपाशी बस म्हणायचो. तत्त्वाचा प्रश्न होता. एलईडीला वीज नावालाच लागते म्हणे. म्हणजे तिचा उजेड आणि माझं तत्त्व, दोन्ही शाबूत. हे आधी कसं सुचलं नाही?

५ नोव्हेंबर
दुकानदाराने पिवळसर हवा की पांढरा विचारलं. सगळ्यात पांढरा दे म्हटलं. घरात किती माणसं? दोन, असं सांगितलं.

६ नोव्हेंबर
इलेक्ट्रिशियन कशाला? बल्ब तर फिरवायचा.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
स्वयंपाकघरातला होल्डर बल्बसकट हातात आला. स्टूल धरायला कुणी असतं तर झालं नसतं. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणालाय.

८ नोव्हेंबर
घर लख्ख. जळमटं, भिंतीवरचे ओघळ, सगळं दिसतं. एलईडी आणण्याआधी हे नव्हतं. समोरच्या वहिनी डोकावल्या, म्हणाल्या, अगदी दवाखान्यासारखं वाटतंय. बरं वाटलं. स्वच्छतेचीच तारीफ ती.

११ नोव्हेंबर
खरंच एक खोकणारे आजोबा उजेड बघून आत आले. नंबर लावायचा का विचारलं. बसा म्हटलं. चहा झाला, त्यांचा खोकला कधीपासूनचा ते सगळं ऐकून झालं, मग सांगितलं की इथे डॉक्टर नाही. तणतणत गेले. पण संध्याकाळ छान गेली. उद्याही दार उघडं ठेवावं.

१३ नोव्हेंबर
फोन केला. मेहुणीने उचलला, बऱ्याच वेळाने हिला दिला. एलईडीचं सगळं समजावून सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही, म्हणजे लक्ष देऊन ऐकत होती. मग आपणहून म्हणाली, रविवारी येते. आपणहून! अंधार पडल्यावर ये म्हटलं. बघते म्हणाली. तिचं बघते म्हणजे हो.

१५ नोव्हेंबर
जळमटं काढली. तिच्या शिलाई मशीनवर सर्वांत मोठा बल्ब लावला. खाली बसून सुईत दोरा ओवून पाहिला. ओवता आला नाही, पण सुईचं भोक स्पष्ट दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
भर दुपारी आली. बरोबर साडू आणि टेम्पो. मी पळत जाऊन सगळे दिवे लावले. उन्हात कळेचनात. पडदे ओढले. ती म्हणाली, दिवसाढवळ्या हे काय? तिने पडदे बाजूला सारले आणि एकेक बटण बंद करत सरळ मशीनपाशी गेली.

एका बाजूने साडूने मशीन धरलं, दुसरीकडून मी. भयंकर जड. जिन्यात मी विचारलं, आठ दिवसांत परत आणायचं ना? साडू भिंतीकडे बघायला लागला. ती म्हणाली, पायरी बघा. म्हणजे काळजी आहे अजून. टेम्पो गेल्यावर मात्र फार वाईट वाटलं.

आता अंधार पडलाय. दिवा लावलेला नाही. एकट्या माणसाला उजेड लागतो किती?